२१ डिसेंबर : वर्षातली सगळ्यात मोठी रात्र घरच्या घरी निवांत कशी घालवावी?

पिंपळपान | १० डिसेंबर २०२५, रात्री ९.४०

येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी, म्हणजे २१ तारखेला, रात्री ८ वाजून ३३ मिनिटांनी सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोचतो आणि परत फिरतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथे 'उत्तरायणारंभ' असं मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात छापलेलं असतं. बहुतेक घरांत त्यावर दुधाच्या खाड्याची फुली असते.

या रात्रीसाठी हल्ली मेणबत्त्या, बाथ सॉल्ट, सुगंधी तेलं असं खोक्यात भरून विकतात. त्यातलं काही घ्यायचं नाही. संध्याकाळी पाचपासून सोमवार सकाळपर्यंत खरी विश्रांती मिळावी असं काय करता येईल? आणि कोणत्या क्रमाने? घरात चौघं : दोघं नोकरदार, सासूबाई ७४ (मधुमेह आहे, बाकी ठणठणीत), मुलगा १० वर्षांचा. न्हाणीघर एक, टब नाही. तेल, उटणं, जेवण, झोप जे सुचवाल ते मापासकट सुचवा. "खूप छान वाटतं" यावर थांबू नका.

बोरूबहाद्दर | रात्री ९.५२

टब नाही म्हणजे फोटो नाही. फोटो नाही म्हणजे उत्तरायण लागणार नाही. सूर्य तिथेच अडकेल हो!

काळाकभिन्न | रात्री १०.०५

हे पाश्चात्यांचं खूळ. आपलं उत्तरायण संक्रांतीला, १४ जानेवारीला. तेव्हा तिळगूळ खा आणि गोड बोला, झालं.

पंचांगी_पोपट | रात्री १०.३१

@काळाकभिन्न, खूळ म्हणायच्या आधी थोडं गणित. संक्रांत निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मोजलेली. २१ डिसेंबरचं उत्तरायण सायन, म्हणजे प्रत्यक्ष ऋतूंचं. साधारण १७०० वर्षांपूर्वी दोन्ही एकाच सुमारास येत होते. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे दर ७२ वर्षांनी एक अंश फरक पडतो. आता तो २४ अंशांवर गेलाय, म्हणून संक्रांत तीन आठवड्यांहून जास्त मागे राहिली. भारत सरकारची राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून सायन पद्धतीने चालते. तिच्यात २२ डिसेंबर म्हणजे १ पौष. तुमचं पाश्चात्य खूळ राजपत्राच्या माथ्यावर छापलं जातं.

धाग्याच्या कामाचं : त्या दिवशी मुंबईत सूर्योदय साधारण ७.०८, सूर्यास्त ६.०५. दिवस ११ तासांचा, रात्र १३ तासांची. पुण्यात पाचेक मिनिटं आधी. नागपूरला ६.४६ आणि ५.३६. गंमत म्हणजे सगळ्यात मोठी रात्र २१ ची असली तरी सगळ्यात लवकरचा सूर्यास्त आपल्याकडे नोव्हेंबरअखेरीसच होऊन जातो आणि सगळ्यात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यावर येतो. डिसेंबरात खरी मध्यान्ह रोज जवळजवळ अर्ध्या मिनिटाने पुढे सरकते, त्याचा हा परिणाम. म्हणून २१ नंतर संध्याकाळ मोठी वाटते, पण पहाटे उठणं अजून महिनाभर जडच जातं. यंदा अमावास्या नुकतीच झालेली असेल. बारीक कोर दिसून लगेच मावळेल, पुढची रात्र काळोखी.

काळाकभिन्न | रात्री १०.४०

बरं. पण २१ ला तिळगूळ कोणी देणार नाही हे नक्की.

वस्त्रगाळ | रात्री ११.१२

पिंपळपान, तेलापासून सुरुवात करते.

कच्च्या घाण्याचं तीळतेल घ्या. मोठ्या माणसाच्या सर्वांगाला ४० ते ५० मिली लागतं, मुलाला २०. चौघांना मिळून २०० मिलीची बाटली पुरून उरेल. मोठ्या दुकानांत चिनी-जपानी मसाल्यांच्या फळीवर जे तपकिरी तीळतेल असतं ते भाजलेल्या तिळाचं. ते अंगाला लावलं तर दोन दिवस नूडल्सचा वास येईल. खोबरेल थंडीत गैरसोयीचं. २४ अंशांखाली थिजतं, मग हातावर वितळेपर्यंत अंग गार पडतं.

तेल थेट गॅसवर ठेवू नका. वाटीत काढून वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात पाच मिनिटं ठेवा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. ऊन लागलं पाहिजे, चटका नाही. हातपायांच्या लांब हाडांवर लांब हात, सांध्यांवर गोल, पोटावर घड्याळाच्या दिशेने. वेळ कमी असेल तर डोकं, कान आणि तळपाय एवढं तरी करा. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट, त्याने याच तीन जागा खास सांगितल्यात. कान म्हणजे कानाची पाळी आणि मागची बाजू. कानात तेल ओतायचं नाही, पडद्याला भोक असेल तर महागात पडतं.

पंधरा मिनिटं चोळणं, पंधरा मिनिटं नुसतं बसणं, मग अंघोळ. त्या बसण्यात मोबाईल नको, तेलाचे हात स्क्रीनला लागतात.

लोकांचं चुकतं ते क्रमात. जेवून, भांडी आवरून, साडेनऊला तेल घेऊन बसतात. भरल्या पोटी अभ्यंग करू नये. सर्दी-कफ, ताप, अपचन असेल त्यानेही करू नये. आधी तेल, मग पाणी, मग जेवण.

उटणं चौघांचं (सपाट चमचे) : मसूर डाळीचं पीठ ८, नागरमोथा १, वाळा १, कपूरकाचरी १, संत्र्याच्या सालीची पूड १, आंबेहळद अर्धा. सगळं वस्त्रगाळ हवं. पिठाच्या चाळणीवर भागवलं तर वाळ्याचे तुसासारखे तंतू राहतात आणि अंगावर ओरखडे उठतात. दिवाळीला पाण्यात कालवतो, या थंडीत दुधात किंवा सायीत कालवा. मुलाला नुसतं मसुराचं पीठ आणि दूध. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून पाहा.

नळ_दुरुस्तीवाला | ११ डिसेंबर, सकाळी ७.२०

वस्त्रगाळ ताईंचं सगळं बरोबर, पण हे सगळं शेवटी आमच्याकडे येतं. तेल + पीठ + साबण = लापशी. नहाणी ट्रॅपमध्ये (जाळीखालच्या वाटीत) तिचा थर बसतो आणि सोमवारी सकाळी पाणी घोट्यापर्यंत तुंबतं.

१) अंगावरचं जादा तेल आधी जुन्या पंचाने टिपा.
२) उटणं अंगावरच चोळून सुकवा आणि खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर झाडा. निम्मं पीठ तिथेच पडतं. तो कागद कचऱ्यात.
३) जाळीवर जुन्या मोज्याचा तुकडा ताणून बसवा.
४) शेवटी भांड्यांचा साबण आणि बादलीभर गरम पाणी. उकळतं नको, हल्लीचे पाइप पीव्हीसीचे असतात, मऊ पडून सांध्यातून गळायला लागतात.

दर माणसानंतर फरशी भांड्यांच्या साबणाने घासा. तेलकट टाइल आणि ७४ वर्षांचा पाय, दवाखान्याचा रस्ता तिथूनच सुरू होतो. सासूबाईंना पहिला नंबर द्या, फरशी कोरडी असते तोवर. प्लास्टिकचं स्टूल नको, त्याचे पाय सरकतात. रुंद पाट किंवा रबरी बुडाची खुर्ची बरी.

बोरूबहाद्दर | सकाळी ७.३४

"सगळं शेवटी आमच्याकडे येतं" हे वाक्य वाचनखुणांत टाकलंय. नळवाले दादा संतवाङ्मय लिहितात.

उत्तरध्रुव | सकाळी ११.०५ (स्टॉकहोम)

परदेशातल्यांसाठी एक धोक्याची सूचना. तेलाचे पंचे-टॉवेल धुऊन गरम हवेच्या ड्रायरमध्ये टाकू नका. धुतल्यावरही धाग्यांत तेल राहतं. गरम घडी करून ढीग ठेवला की तेलाचं ऑक्सिडेशन आतल्या आत चालू राहतं, उष्णता बाहेर पडत नाही, आणि काही तासांनी ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. अशा आगी खरोखर लागतात. दोरीवर वाळवा, नाहीतर एखादा जुना टॉवेल वापरून फेकून द्या.

आणि १३ तासांच्या रात्रीला मोठी म्हणणाऱ्यांना साष्टांग नमस्कार. इथे २१ ला सूर्य पावणेनऊला उगवतो आणि पावणेतीनला मावळतो.

उलटी_गंगा | सकाळी ११.२० (मेलबर्न)

आमच्याकडे त्या दिवशी सगळ्यात मोठा दिवस. घाम पुसत उत्तरायणाच्या शुभेच्छा. आमची मोठी रात्र २१ जूनला, म्हणजे आखाड तळायच्या सुमारास. आम्ही अभ्यंगाच्या नावाखाली कापण्या तळाव्यात का?

बोरूबहाद्दर | सकाळी ११.२४

तळा. फक्त ते तेल अंगाला लावू नका.

शेगडी | दुपारी १.१५

न्हाणीघराचा विषय निघालाच आहे तर सर्वांत महत्त्वाचं. न्हाणीघरात गॅस गीझर असेल तर दार-खिडकी बंद करून लांबलचक अंघोळ करू नका. ज्वलनाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग हातापायांतली ताकद जाते आणि कडी काढायलाही उठवत नाही. दर हिवाळ्यात यात माणसं दगावतात. गीझर न्हाणीघराच्या बाहेर हवा, निदान वरची झडप सताड उघडी हवी. पाणी बादलीत काढून गीझर बंद करून मगच आत जावं हे उत्तम. कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपणाऱ्यांनाही हेच लागू. धुरी द्यायची तर दारं उघडी ठेवून द्या आणि निखारे बाहेर काढून मग झोपा.

विजेचा गीझर असेल तर हिशोब असा. २५ लिटरची टाकी ६० अंशांवर, त्यात तेवढंच नळाचं पाणी घातलं की ४० अंशांच्या थोडं वर असं ५० लिटर मिळतं, म्हणजे दोन-अडीच बादल्या, म्हणजे दोन माणसं. पुन्हा तापायला २ किलोवॉटच्या कॉइलला अर्धा तास. चौघांचा क्रम लावताना हा अर्धा तास धरा, नाहीतर तिसरा माणूस तेल माखून कुडकुडत उभा.

सोसायटी_सचिव | दुपारी १.४०

आणि टँकर आला नाही तर चौघंही.

पायधूळ | दुपारी ३.०२

पायांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण चुका इथेच जास्त.

धडधाकट माणसाने घोटे बुडतील इतकं, म्हणजे पसरट टबात ५–६ लिटर, ४० अंशांचं पाणी घ्यावं. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवून बघा, कोपराला सोसवेल ते पायाला चालतं. दोन चमचे जाडं मीठ हवं तर घाला, न घालूनही काही अडत नाही. १० ते १२ मिनिटं, जास्त नाही. त्वचा सुरकुतली की तिचं तेल निघून गेलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी टाच अधिक फुटते. नंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा आणि ओल अंगात असतानाच टाचेला तेल लावा.

सासूबाईंचे पाय मात्र भिजवायचे नाहीत. मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. पाणी किती गरम आहे ते कळत नाही, भाजतं आणि जखम भरायला महिने लागतात. भिजून मऊ पडलेल्या कातडीला चीरही लवकर जाते. कोमट पाण्याने धुऊन लगेच पुसा, तळवा आणि टाचेला तेल लावा, बेचक्यांत लावू नका, बुरशी धरते. पुसताना तळपाय उजेडात नीट बघा. फोड, चीर, काळा डाग काही दिसलं तर डॉक्टर. रबरी पिशवीने पाय शेकायचे नाहीत, सैल लोकरी मोजे घाला.

कांस्यपदक | दुपारी ३.३०

काशाच्या वाटीने तळपाय घासा! अर्धा चमचा तूप आणि प्रत्येक पायाला दहा मिनिटं. तूप काळं होतं, शरीरातली उष्णता आणि विषारी द्रव्यं बाहेर येतात.

पायधूळ | दुपारी ३.४४

वाटी घासा, जरूर घासा, झोप छान लागते. पण ते काळं शरीरातलं नव्हे. कासं म्हणजे तांबं आणि कथील. तुपातली आम्लं, घाम आणि घर्षण यांनी धातूचा राखाडी थर उतरतो. वाटी तूप लावून तासभर चपलेच्या कातड्यावर घासली तरी तूप काळं होईल, आणि चपलेतून विष निघत नाही. घासून झाल्यावर पाय पुसा, नाहीतर पांघरुणाला डाग.

कांस्यपदक | दुपारी ३.५०

चपलेचा मुद्दा मान्य. वाटी घेताना मात्र वाजवून घ्या. काशाचा नाद लांबतो, पितळेचा ठक्क होऊन थांबतो. बाजारात पितळेला कासं म्हणून खपवतात.

मालवणी_मिरची | दुपारी ४.१५

फुटलेल्या टाचांक भिरंडेल. कोकमाच्या बियांचं तेल, पांढरट घट्ट गोळा असतो, त्याला मुठेलही म्हणतात. नखाएवढा तुकडा पळीत वितळवून कोमट झाल्यावर भेगेत भरायचा. तो लगेच थिजतो आणि भेग बुजते. कडकडीत ओतू नका. मग मोजे घाला, नाहीतर फरशी रंगेल. मधुमेहवाल्यांनी खोल भेगेत स्वतःहून काही भरू नये, पायधूळ सांगतायत ते ऐकावं.

एदोगावाकर | संध्याकाळी ५.३० (टोकियो)

या दिवसाला इथे 'तोजी' म्हणतात. घरोघरी युझूचं स्नान असतं. युझू म्हणजे ईडलिंबाच्या जातीचं सुगंधी फळ. टबात ४–५ अख्खी फळं सोडतात. कापून टाकायची तर जाळीच्या पिशवीत, आणि कमीच, कारण सालीतल्या तेलाने नाजूक कातडी चरचरते. लहान मुलं तर फळ पिळून अंगाला चोळतात आणि मग रडतात. महत्त्वाचा फरक असा की इथे अंग आधी बाहेर स्वच्छ धुतात आणि मगच टबात बसतात, कारण तेच पाणी घरातले सगळे वापरतात. त्यामुळे अभ्यंग करून टबात उतरू नका, घरमालक बाहेर काढेल.

टब नसणाऱ्यांनी बादलीत लिंबाच्या किंवा संत्र्याच्या दोन साली टाकल्या तरी काम होतं. जेवायला लाल भोपळा असतो, बऱ्याचदा लाल चवळीसारख्या अझुकीबरोबर शिजवलेला. नावात 'न' येणारे पदार्थ त्या दिवशी शुभ : नानकिन (हा भोपळाच), निन्जिन (गाजर), रेनकोन (कमळकाकडी), उदोन (जाड शेवया).

बोरूबहाद्दर | संध्याकाळी ५.३८

मग आपलं पन्हं, पुरण, सांदण, चिरोटे... नाही, चिरोट्यात 'न' नाही. असता तर बरं झालं असतं.

हाफ_चहा | संध्याकाळी ६.१०

इराणात याच रात्री यल्दा. डाळिंब, कलिंगड, सुकामेवा, फारसी कवी हाफिजच्या गझला आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गप्पा. मोठ्या रात्रीला एकटं सोडायचं नाही, जागून काढायची. म्हणजे तुमच्या धाग्याच्या नेमकं उलट.

पिंपळपान | संध्याकाळी ७.००

सोमवारी शाळा नसती तर यल्दाच केली असती. पण पहाटेचं कोणी बोललंच नाही. की झोपायचं आणि संपलं?

भाकरीफळ | संध्याकाळी ७.४५

कसं संपेल? धुंधुरमास चालू असतो! सूर्य धनू राशीत, साधारण १६ डिसेंबर ते भोगीपर्यंत. सूर्य उगवायच्या आत नैवेद्य आणि गरमागरम जेवण, मग ती पहाट कोणतीही असो. वाग्भटाने हेमंताच्या चर्येत लिहून ठेवलंय की रात्री लांबल्यामुळे माणूस सकाळीच भुकेला उठतो. झुंजुमुंजूला जेवायची प्रथा त्यावरच उभी आहे. २१ ची रात्र सगळ्यात लांब, म्हणजे २२ च्या पहाटेची भूक सगळ्यात खरी. रात्री मात्र हलकं जेवलं पाहिजे, नाहीतर पहाटे कोणी ताटाकडे बघणार नाही.

रविवारी रात्री सव्वासातला मऊ भात, मेतकूट, तूप. १ वाटी तांदूळ, ५ वाट्या पाणी, मीठ, कुकरला पाच शिट्ट्या. बस.

सोमवारी पहाटेची खिचडी (चौघांना) : १ वाटी तांदूळ, पाऊण वाटी सालाची मूगडाळ, १०–१२ मिरे, चमचाभर जिरं, बोटाच्या पेराएवढं आलं, पाव वाटी ओलं खोबरं. डाळ कोरडी भाजायची, खमंग वास आला की थांबायचं, तांबूस झाली तर खिचडी कडवटते. तुपावर मिरे-जिरं-आलं, मग डाळ-तांदूळ परतून ५ वाट्या *आधणाचं* पाणी. गार पाणी ओतलं की डाळ दडदडीत राहते आणि भात पीठ होतो. तीन शिट्ट्या. हळद हवी तर चिमूट, तिखट नाही. तिखटपणा मिऱ्याचा.

वांगं रविवारी दुपारीच भाजून सोलून ठेवा. देठाखाली चाकूने टोचा, नाहीतर फुटतं, आणि तेलाचं बोट फिरवा, साल सुटते. पहाटे फक्त पातीचा कांदा आणि फोडणी.

बाजरीची भाकरी : पीठ ताजं हवं. बाजरीत स्निग्धांश जास्त, त्यामुळे दहा-बारा दिवसांत पीठ कडवट होतं आणि त्याची भाकरी थापताना कडेने फाटते. लोक हाताला दोष देतात, दोष पिठाचा असतो. एका भाकरीचं पीठ एका वेळी, कढत पाण्यात, तळहाताच्या मुळाने रगडून. तीळ थापून झाल्यावर वरून भुरभुरवून दाबायचे आणि ती बाजू आधी तव्यावर टाकायची. पाणी फिरवायच्या बाजूला तीळ असले की बोटाबरोबर निघून येतात. पाणी सुकायच्या बेताला आलं की उलटा. पूर्ण सुकू दिलं तर तडे जातात आणि भाकरी फुगत नाही. वर लोण्याचा गोळा. गूळ पाहिजेच.

मांजराकाठी | रात्री ८.२०

आमच्या लातूर-धाराशिवकडं वेळ अमावास्या यंदा त्याच आठवड्यात आहे. शेतात कोपी (खोप) करून भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हं, वाटाणा, तूर, हरभरा असे ओले दाणे आणि पालेभाज्या बेसन-ताकात शिजवलेल्या. उरली तर दुसऱ्या दिवशी जास्त गोड लागते. भाकरीफळ, तुमच्या ताटात ही बसते का बघा.

भाकरीफळ | रात्री ८.२६

ताट मोठं करते.

काळाकभिन्न | रात्री ८.४०

७४ वर्षांच्या मधुमेही बाईंना पहाटे सहाला भात, गूळ, लोणी? वा रे आरोग्य.

पायधूळ | रात्री ८.५८

रास्त मुद्दा. सासूबाईंच्या ताटात खिचडी दोन डाव, भरीत भरपूर, भाकरी एक, गूळ नाही. पण त्याहून महत्त्वाचं : गोळ्या किंवा इन्सुलिन जेवणाच्या वेळेला बांधलेलं असतं. रात्री सव्वासातला जेवण आणि पहाटे पावणेसहाला पुन्हा जेवण, वेळ सरकवायची तर औषध कसं घ्यायचं ते डॉक्टरांना आधी विचारा. पहाटे थरथर, घाम, घाबरल्यासारखं वाटलं तर ग्लुकोमीटरने आधी साखर मोजायची. यंत्र रात्रीच उशाशी ठेवा.

उत्तरध्रुव | रात्री ९.१५

झोपेबद्दल दोन गोष्टी. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर हातापायांकडे रक्त वाहतं, शरीराच्या गाभ्याचं तापमान उतरतं आणि त्या उतरणीवर झोप येते. म्हणून अंघोळ झोपेच्या एक ते दोन तास आधी. अंघोळीहून थेट पांघरुणात शिरलं तर अंग तापलेलं असतं, तळमळ होते. पांढरे दिवे संध्याकाळी सातलाच बंद करून एखादा पिवळा मंद दिवा ठेवा.

दुसरी गोष्ट सकाळची. आमच्याइतक्या उत्तरेला राहणारे १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिवा सकाळी २० ते ३० मिनिटं समोर ठेवतात, अंतर दिव्याच्या माहितीपत्रकात असतं ते पाळायचं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार किंवा बायपोलर असेल तर डॉक्टरांशिवाय नको. पुण्यात याची काडीची गरज नाही. ढगाळ सकाळचं मोकळं आकाशही घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट उजेड देतं. जेवून झालं की गच्चीवर पंधरा मिनिटं उभे राहा, एवढंच.

बोरूबहाद्दर | रात्री ९.२२

गच्चीची किल्ली सचिवांकडे असते.

सोसायटी_सचिव | रात्री ९.२५

अर्ज करा.

पिंपळपान | १२ डिसेंबर, सकाळी ८.१०

सगळ्यांचे आभार. वेळापत्रक लावलंय, चुका काढा.

रविवार : ४.४५ वाटीत तेल. ५.०० सासूबाईंना तेल (बसून, मी लावणार), त्याच वेळी नवरा मुलाला. ५.३० सासूबाई अंघोळीला, मग मुलगा. गीझरचा अर्धा तास त्या वेळात आम्ही दोघं तेल लावून बसणार. ६.३० ते ७.०० आमच्या अंघोळी, फरशी, जाळी. ७.०० पांढरे दिवे बंद, मोबाईल स्वयंपाकघरातल्या डब्यात. ७.१५ मऊ भात. मग सासूबाईंचे पाय बघणं, मुलाच्या तळपायाला वाटी. ८.३३ ला देवाजवळचा दिवा सोडून सगळं बंद. सोमवार : ५.०० उठणं, ५.४५ जेवण, ७ ला गच्ची.

शेगडी | सकाळी ८.३०

देवाजवळचा दिवाही झोपताना शांत करा. वारा, पडदा, मांजर, काहीही असतं. ८.३३ हा मुहूर्त त्यालाच द्या. बाकी गीझरचा हिशोब बरोबर बसलाय.

वस्त्रगाळ | सकाळी ८.४१

५ ला तेल, म्हणजे दुपारचं जेवण एकच्या आत आटपा, आणि रविवार म्हणून चारला भजी करू नका.

भाकरीफळ | सकाळी ८.५०

बाजरी कधी दळणार? तेवढंच राहिलंय.

पिंपळपान | सकाळी ८.५५

आमची गिरणी रविवारी बंद असते. आज टाकली तर चालेल?

भाकरीफळ | सकाळी ८.५८

आज नको, २२ पर्यंत दहा दिवस होतात. शनिवारी, २० ला संध्याकाळी टाका. किलोभर पुरे. बाजरी आधी ऊन दाखवून निवडून घ्या, आणि गिरणीवाल्याला सांगा बाजरीवरच टाक, नाहीतर ज्वारीवर. तिखटावर टाकलीत तर पहाटे पावणेसहाला सगळं घर जागं होईल.